डबलशीट

फाल्गुन लागला, तरी सकाळी सात-साडेसातपर्यंत हवेत गारवा असतो. ओसरीत खुर्ची टाकून मी पुस्तक उघडलं आणि पान उलटताना बोटांचा वास आला. डिझेलचा. दोनदा साबणाने हात धुतले, लिंबाची फोड चोळून पाहिली, तरी नखांच्या कडेला बसलेला काळेपणा जात नाही आणि वास तर त्याहून चिवट. तो आता पानांनाही लागला आहे. कपाट उघडलं की गॅरेज उघडल्यासारखं वाटतं, असं घरातून ऐकू येतं. मला त्याचं वाईट वाटत नाही. पुस्तकांना आजवर फक्त पुस्तकांचा वास होता. या हिवाळ्यात त्यांना एका माणसाचा वास लागला, एवढंच.

अंगणात मोटारसायकल उभी आहे. तीन महिने ती विटांवर आणि एका फळीवर टेकलेली होती, आता स्वतःच्या चाकांवर आहे. काळी टाकी, तिच्या दोन्ही बाजूंना मांड्यांनी घासून घासून उजळलेले पट्टे, आणि रात्रीतून पडलेली राखेची पातळ साय. परळीत राहणाऱ्याला ही राख सांगावी लागत नाही. औष्णिक केंद्राच्या धुराड्यांकडून वारा वळला की ती अंगणात, तुळशीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. मी रोज सकाळी जुन्या बनियनच्या फडक्याने टाकी पुसतो. पूर्वी हे काम दुसऱ्या कुणाचं होतं.

गाडी माझी नव्हती. मला ती चालवतासुद्धा येत नव्हती. मी तिच्यावर एकोणीस वर्षं मागे बसलो.

गाडी ज्याची होती तो आणि मी एकाच वर्षी एकाच शाळेत लागलो. तो गणिताचा, मी मराठीचा. शाळा सिरसाळ्याच्या पुढे, मोठा रस्ता सोडून आत गेल्यावर. दोघंही परळीत राहणारे. पहिले काही महिने एसटीने गेलो. मग त्याने ही गाडी घेतली, तीही दुसऱ्याने वापरलेली, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागणारी, निळसर धूर सोडणारी. दुसऱ्याच दिवशी माझ्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहून त्याने हॉर्न दिला आणि मी मागे बसलो. पुढच्या एकोणीस वर्षांत या व्यवस्थेबद्दल आम्ही कधी चकार शब्द बोललो नाही. काही गोष्टी ठरवल्या जात नाहीत, त्या नुसत्या सुरू होतात.

भाषा शिकवतो म्हणून असेल, पण मला नेहमी एका शब्दाची उणीव भासत आली. जो चालवतो त्याला चालक म्हणतात. जुन्या काळात सारथी म्हणत. मागे बसणाऱ्याला काय म्हणायचं? वर्तमानपत्र त्याला सहप्रवासी म्हणते, पण तो शब्द बहुतेक वाईट बातमीतच भेटतो. आमच्याकडे बोलताना एकच शब्द आहे, डबलशीट. ‘आमी दोघं डबलशीट आलोत.’ तो ना पुढच्याचा, ना मागच्याचा. तो दोघांचा मिळून आहे. एकट्याला डबलशीट होता येत नाही.

मी त्याला ओळखायचो ते पाठीने. चेहऱ्यावर तर शाळेतल्या सगळ्यांचाच हक्क होता. पाठ माझी होती. डाव्या कानामागचा तीळ, मानेवरचा जुन्या फोडाचा वण, आणि हिवाळ्यात वहिनींनी विणलेला तपकिरी स्वेटर. त्या स्वेटरच्या उजव्या खांद्यावर एक टाका सुटलेला होता. पहिल्या हिवाळ्यात तो ज्वारीच्या दाण्याएवढा होता, मग हरभऱ्याएवढा झाला, पुढे पुढे त्यातून सदऱ्याचा रंग दिसू लागला. मी दरवर्षी ठरवायचो की त्याला सांगू, वहिनी एका दोऱ्यात बांधून टाकतील. सांगितलं नाही. मानेवरचे केस माझ्या डोळ्यांदेखत काळ्याचे पांढरे झाले, तेही मी त्याला सांगितलं नाही. पाठीमागचं माणसाला स्वतःला दिसत नसतं. ते दुसऱ्याने सांगायचं असतं, हे मला फार उशिरा कळलं.

तो गाडी चालवताना सतत बोलायचा. दोन्ही बाजूंनी करडईची पिवळी फुलं, पुढे उसाने लादलेला ट्रॅक्टर, आणि याचं आपलं चाललेलं: नववीतल्या कोणत्या पोराला प्रमेय कळत नाही, पण बापाच्या कापसाचा हिशेब मात्र तोंडी येतो. अर्धे शब्द वारा घेऊन जायचा. मी दर दोन-तीन वाक्यांनी ‘हां’ म्हणायचो. कधी कधी त्याने विचारलेलं असायचं, आणि माझा ‘हां’ भलत्याच प्रश्नाला जायचा. मग तो गाडी हळू करून मान किंचित वळवायचा आणि म्हणायचा, “काय हां? मी इचारलं, तुझ्या घरी आज कोणती भाजी हाय. हां भाजी हाय का?” एकोणीस वर्षांत तो माझ्याशी जे बोलला त्यातलं निम्मं मी ऐकलेलंच नाही. ते त्या रस्त्याच्या कडेच्या बाभळींनी ऐकलं असेल.

त्याच्या जाण्याच्या आधीचे आठ महिने आम्ही बोलत नव्हतो. लिहायचं आहे ते हेच आहे, आणि इथपर्यंत यायला मला इतका वेळ लागला.

माझ्या कंबरेचा मणका दुखत होता. डॉक्टरांनी सांगितलं, मोटारसायकल बंद. मी सहा महिने हे कुणाला सांगितलं नाही, त्याला तर नाहीच. त्याला वाईट वाटेल, असं मी स्वतःला सांगत होतो. त्या जूनमध्ये शाळेतल्या एका नव्या शिक्षकाने चारचाकी घेतली आणि तिघा-चौघांनी मिळून जायचं ठरवलं. मला विचारलं, मी हो म्हटलं. शाळा सुरू झाली त्या पहिल्या दिवशी ती गाडी थेट घराच्या दारात आली, आणि तिच्यात बसून मी मागच्या गल्लीने निघून गेलो. तो नेहमीच्या कोपऱ्यावर उभा होता. मी त्याला निरोपही पाठवला नव्हता. संध्याकाळी सांगू, शांतपणे सांगू, असं मनात होतं.

तो अर्धा तास उशिरा शाळेत आला. शिक्षकांच्या खोलीत मी दिसताच दारातच थांबला. मी कंबरेचं सांगितलं. डॉक्टरांचं सांगितलं.

“किती दिवसापासून दुखायलीय?” त्याने विचारलं.

“सहा महिने झाले.”

“आन सहा महिने तू मपल्या मागं बसून गप ऱ्हायलास?”

“तुला वाईट वाटलं असतं.”

“म्हून मला कोपऱ्यावर उभा केलास का बे? अर्धा घंटा? येणारा-जाणारा इचारायलाय, सर, कोणाची वाट बघायलात? मी कोणाचं नाव सांगू?”

मी पुढ्यातलं हजेरीपुस्तक उघडलं.

“बस,” तो म्हणाला. “चारचाकीत बस. काच लावून घेत जा, धुरळा लागंल.”

त्यानंतर आमच्यात फक्त कामापुरते शब्द उरले, तेही तिसऱ्यामार्फत. रोज सकाळी सिरसाळ्याच्या अलीकडे आमची चारचाकी त्याच्या मोटारसायकलला मागे टाकायची. तेव्हा बाहेरच्या छोट्या आरशात मला तो समोरून दिसायचा. गाडी चालवताना त्याचा चेहरा कसा असतो, हे मी एकोणीस वर्षांनंतर पहिल्यांदा पाहत होतो. डोळे बारीक केलेले, ओठ मिटलेले. बोलणं बंद होतं, कारण बोलायला मागे कुणी नव्हतं. आरशात तो लहान लहान होत जायचा आणि वळणावर नाहीसा व्हायचा.

संक्रांतीला मी घरून तिळगुळाची बशी नेली होती. त्या दिवशी तरी कोंडी फुटेल, असं ठरवून नेली होती. सगळ्यांना दिला, सगळ्यांना जे म्हणायचं असतं ते म्हटलं. मग त्याच्या टेबलाशी पोहोचलो. मी बशी नुसती त्याच्या पुढ्यात ठेवली आणि खिडकीकडे पाहू लागलो. त्याने एक वडी उचलली. तिळगूळ दिला गेला, घेतला गेला, आणि ज्यासाठी तो द्यायचा असतो तेवढं राहून गेलं.

माघातल्या एका सकाळी तो न्हाणीत कोसळला. दवाखान्यात पोहोचेपर्यंत संपलं होतं. तिरडीला खांदा द्यायची वेळ आली तेव्हा कुणीतरी मला पुढे ढकलत होतं. पण मी मागच्या बाजूला गेलो. तिथेही.

लोक भेटायला येत, माझे हात हातात घेत, ‘तुमची जोडी तुटली सर’ म्हणत. अबोल्याचं शाळेबाहेर कुणाला फारसं माहीत नव्हतं. मी मान खाली घालून सांत्वन घ्यायचो आणि चोरी केल्यासारखं वाटायचं. मला एवढंच कळायला हवं होतं की जाताना त्याच्या मनात माझ्याविषयी काय होतं. राग होता का? की राग संपून काहीच उरलं नव्हतं, जे रागाहून वाईट? हे सांगू शकणारं माणूस एकच होतं, आणि त्या माणसासमोर जायची माझी हिंमत नव्हती.

दिवाळीनंतर वहिनी स्वतःच आल्या. चहा पुढे आला तरी कपाला हात लावला नाही.

“भाऊजी, गाडी अंगणात गंजायलीय,” त्या म्हणाल्या. “भंगारवाला दोनदा येऊन गेला. देऊ वाटंना. ठिवून बी काय करू?”

“कुणाला तरी चालवायला…”

“कोणाला? तिच्यावर त्यांच्यानंतर हक्क तुमचाच हाय. वर्ष व्हायच्या आत चालू करा. एकडाव आवाज आयकला म्हंजी झालं.”

त्यांना सांगावंसं वाटलं की तो हक्क मी जूनमध्ये मागच्या गल्लीत टाकून आलो. सांगितलं नाही. ‘बरं’ म्हटलं. दुसऱ्या दिवशी छोट्या टेम्पोतून गाडी आमच्या अंगणात आली.

आठ-नऊ महिने उभ्या राहिलेल्या यंत्राला काय काय होतं, हे मी या हिवाळ्यात शिकलो. टायर चिरले होते, क्लचची तार जागच्या जागी चिकटली होती, टाकीच्या तळाशी तांबड्या गंजाचा चिखल होता, आणि सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं. त्याचा नेहमीचा मिस्त्री म्हातारा झाला आहे, दुकान त्याने गेल्या वर्षी आवरलं. पण गाडीचं नाव काढताच तो दर रविवारी माझ्याकडे येऊ लागला. मिस्त्रीच्या लेखी गाडीचा मालक ‘गणितवाले सर’ होता आणि मी ‘मराठीवाले सर’. आठवडाभर मी एकटा जमेल ते खोलून, घासून ठेवायचो, रविवारी तो तपासायचा.

मी माझ्या पद्धतीने काम करत होतो. शाळेतून खडूची रिकामी खोकी आणली होती. प्रत्येक नट आणि स्क्रू वेगळ्या खोक्यात, आणि वर स्वच्छ अक्षरात चिठ्ठी: ‘कार्ब्युरेटर, डावीकडील वरचा’, ‘पुढील चाक, आतील वॉशर’. ओसरीत अशी तीस-बत्तीस खोकी ओळीने लागली होती. मिस्त्रीने पहिल्यांदा ती पाहिली आणि चष्मा काढून डोळे पुसले.

“सर, ही गाडी खोलायलात का तिची परीक्षा घ्यायलात?”

“नंतर गोंधळ नको म्हणून.”

“लई चांगलं. निकाल कवा लावता?” मग एक खोकं उचलून त्याने चिठ्ठी वाचली. “‘उजवीकडील’. कोणाच्या उजवीकडं? तुमच्या का गाडीच्या?”

मी गाडीसमोर बसून खोललं होतं. माझी उजवी ती गाडीची डावी. निम्म्या चिठ्ठ्या उलट्या लिहिल्या गेल्या होत्या. गाडीवर बसलेल्या माणसाला तिची उजवी-डावी लिहून ठेवावी लागत नाही. आणि मी तर तिच्यावर एकोणीस वर्षं बसलो होतो, पण तिच्याकडे तिच्या जागेवरून कधी पाहिलंच नव्हतं. त्या रविवारी आम्ही सगळी खोकी पुन्हा लावली. मिस्त्री एक एक चिठ्ठी मोठ्याने वाचायचा आणि प्रत्येक वेळी ‘गाडीच्या का तुमच्या’ विचारून स्वतःच हसायचा.

पौषातले ते दिवस मला आठवत राहतील. सकाळचं कोवळं ऊन ओसरीच्या पहिल्या फरशीवर यायचं, मी पोत्यावर बसून तारेच्या ब्रशने गंज काढायचो. टाकीत डिझेल आणि मूठभर बारीक खडे घालून ती बाळाला जोजवावं तशी हलवायचो, आणि आतून खळखळाट यायचा. कंबर दुखायची. दुखू द्यायचो. शोक करायला माणसाला काही तरी हाताचं काम लागतं. पुस्तकांनी मला आजवर पुष्कळ दिलं, पण या वेळी वाचताना डोळे ओळींवरून घसरत होते. गंज घासताना मात्र मन एका जागी थांबायचं. सीटखालची पत्र्याची पेटी उघडली तेव्हा आत एक पाना, ऑइल मोजायचं प्लास्टिकचं झाकण आणि खडूचा अर्धा तुकडा निघाला. तुकड्याला ऑइल लागलं होतं. मी त्या तुकड्याने लिहून पाहिलं, फरशीवर काही उमटलं नाही.

मधल्या काळात मिस्त्रीने मला गाडी चालवायला शिकवलं, त्याच्या नातवाच्या नव्या गाडीवर, गावाबाहेरच्या मैदानात. पन्नाशी उलटलेल्या शिक्षकाला मोटारसायकल शिकताना पाहायला म्हशी चारणारे दोघं-तिघं थांबायचे. “क्लच हळू सोडा सर, हळू,” मिस्त्री ओरडायचा. “पोराचा कान धरलाय का त्यो?” मी दोनदा पडलो. तिसऱ्यांदा गाडी सरळ गेली, आणि त्या क्षणी मला जाणवलं की माझ्यासमोर कुणाचीही पाठ नाही. नुसतं मैदान. मला फार भीती वाटली.

माघ लागला. वर्ष भरायला दहा-बारा दिवस उरले असतील. शेवटचं काम मागच्या शॉकपचं होतं. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना ज्या जाड स्प्रिंगा असतात त्यांना आमच्याकडे शॉकप म्हणतात. त्यांच्या तळाशी एक गोल कडं असतं आणि त्याला पाच खाचा असतात. कडं फिरवून वर नेलं की स्प्रिंग कडक होते, दोन माणसांचं वजन पेलते. खाली आणलं की नरम होते, एकट्याला धक्के बसत नाहीत. मिस्त्रीने ते मला सगळं बोट ठेवून समजावलं. मग चिखल खरवडला गेल्यावर तो कड्याकडे पाहत राहिला.

“दोन्ही डबलशीटवर हायत,” तो म्हणाला. “चौथ्या खाचेला.”

“मग?”

“मंग काय. तुमी एकटे चालवणार, खाली घ्यावा लागंल. न्हाईतर हादऱ्यानं पाठ मोडती. तुमची तर आधीच…” त्याने पाना उचलला, आणि तसाच हातात धरून थांबला. “गणितवाले सर ह्या बाबतीत लई कटकटी. तुमची एक दिवसाची रजा असली तरी आदल्या सांजंला दुकानावर येऊन खाली करून घ्यायचे. दुसऱ्या सांजंला पुन्यांदा वर. मी म्हणायचो, सर, एका दिवसानं काय होतंय? तर म्हणायचे, गणित हाय, चुकवून चालत न्हाई.”

मला हे ठाऊक नव्हतं. माझ्या रजेला त्या गाडीत एक खाच होती, हे मला एकोणीस वर्षांत ठाऊक नव्हतं.

“आन गेल्याच्या गेल्या दसऱ्याला आलते,” मिस्त्री पुढे म्हणाला. “सर्व्हिसिंगला. बघतो तर शॉकप चौथ्यावर. मला म्हाईत होतं की तुमी चारचाकीनं जायलात, बाजारात आयकलतं. म्हणलं, सर, तीन-चार महिने झाले, एकटेच फिरायलात, असल्या रस्त्यानं. कावून पाठ मोडून घ्यायलात? खाली करतो. तर हात धरला माझा.”

“काय म्हणाला?”

मिस्त्रीने पाना खाली ठेवला.

“म्हणले, ऱ्हाऊ दे. मागचा रजेवर हाय.”

मी उठलो आणि आत गेलो. थोडा वेळ पाण्याच्या माठापाशी उभा राहिलो. तांब्या हातात होता, पण पाणी घेतलं नाही. इतके महिने मला जे कळायला हवं होतं ते कळलं होतं. त्याने मन हलकं होईल अशी माझी समजूत होती. तसं झालं नाही. तो रागावलेला गेला असता तर माझ्या अपराधाला निदान एक कडा राहिली असती. आता त्याला कडा नव्हती. आठ महिने तो खड्ड्या-खड्ड्यांवर आदळत शाळेत येत होता, आणि मी काच लावलेल्या गाडीतून आरशात त्याला लहान होताना पाहत होतो. एक शब्द पुरला असता. रजा संपली, एवढं म्हणायचं होतं.

बाहेर आलो तेव्हा मिस्त्री फडक्याने शॉकप पुसत बसला होता. “कितीवर ठिऊ?” त्याने वर न पाहता विचारलं.

“आहे तसाच राहू द्या,” मी म्हटलं.

गाडी चौथ्या किकला सुरू झाली. निळा धूर अंगणभर पसरला. वर्ष भरायच्या आदल्या दिवशी मी ती हळूहळू चालवत वहिनींकडे नेली. आवाज ऐकून त्या दारात आल्या आणि उंबऱ्यावरच बसल्या. मी गाडी बंद केली नाही. बराच वेळ ती तशीच चालू राहिली, मग त्यांनीच हाताने खूण केली. आत गेल्यावर मी सगळं सांगून टाकलं. कंबर, चारचाकी, कोपरा, तिळगूळ. सांगताना माझा आवाज परीक्षेत नापास झालेल्या पोरासारखा येत होता.

“मला म्हाईत हाय की,” त्या म्हणाल्या.

“तुम्हाला?”

“रोज ताटावर बसले की तुमाला शिव्या द्यायचे. रोज. ‘त्यो पुस्तकातला किडा’ म्हणून सुरवात व्हायची. भाकरी गार व्हायची पर शिव्या संपंनात.” त्यांनी पदराने ओठ टिपले. हसू होतं की रडू, ते कळलं नाही. “मी म्हणायचे, मंग जाऊन त्यांच्याच तोंडावर द्या की. तर म्हणायचे, त्यो आला की देतो. शेवटच्या रातच्याला बी दिल्या, भाऊजी. म्हून म्हणते, काय मनात धरू नका. ज्याच्यावरचं मन उठलं त्याला माणूस रोज कशाला शिव्या देईल?”

निघताना मी चावी त्यांच्या पुढे ठेवली. त्यांनी ती उचलून माझ्या हातात दिली. “हितं उभी ऱ्हायली की पुन्यांदा गंजंल,” एवढंच म्हणाल्या.

वर्षश्राद्धानंतरच्या सोमवारी मी पहिल्यांदा त्या गाडीवर शाळेत निघालो. चारचाकीतल्या मंडळींना आदल्या दिवशी सांगितलं होतं. या वेळी सांगितलं होतं. रस्ता माझ्या ओळखीचा आहे असं मला वाटत होतं, पण तो मला खांद्यावरून दिसलेला रस्ता होता. कडक स्प्रिंगमुळे प्रत्येक खड्डा मणक्यापर्यंत यायचा. मी मनात खड्डे मोजू लागलो आणि मग मोजणं सोडून दिलं. हे त्याने रोज सोसलं होतं, जाताना आणि येताना.

सिरसाळा मागे पडल्यावर, आतल्या रस्त्याच्या फाट्यावर एक म्हातारा हात करून उभा होता. डोक्याला फेटा, हातात किराणा भरलेली पिशवी. शाळेच्याच गावचा. घरातली कर्ती मंडळी उसाला गेली की गावात मागे राहतात त्यांपैकी एक.

“सर, गावापस्तोर सोडता का?”

तो मागे बसला. पिशवी आम्हा दोघांच्या मध्ये ठेवली. गाडी मागच्या बाजूने हळूच खाली दबली, आणि पुढचा खड्डा आला तो जणू आलाच नाही. पुढचाही नाही. स्प्रिंग तिच्या मापाला आली होती. गाडी इतकी शांत चालू लागली की मला इंजिनाचा आवाज वेगळा ऐकू आला. एकोणीस वर्षं तो या चालीने चालवत होता. मी त्याला पाठीने ओळखायचो. तो मला या दबण्याने ओळखत असणार.

“ही गणितवाल्या सरांची गाडी न्हवं?” म्हाताऱ्याने मागून विचारलं.

“हो.”

“तुमी तर मागं असायचे.”

“हो.”

“मंग आज पुढं कसं?”

तोवर गाव आलं. म्हातारा वेशीपाशी उतरला, पिशवी काखेत धरून “चालू द्या” म्हणाला आणि निघाला. त्याच्या उतरण्यासरशी गाडी मागून वर आली. दोन बोटं, फार तर तीन. हाताला कळावं इतकंच. मी क्षणभर पाय टेकून तसाच थांबलो.

पहिला तास नववीवर होता. या दिवसांत आमचे वर्ग निम्मे रिकामे असतात. आई-बापांबरोबर ऊसतोडीला गेलेली मुलं चैत्राच्या आगेमागे परत येतात, कधी वर्षाच्या शेवटी, कधी परीक्षा झाल्यावर. रिकाम्या बाकांवर धूळ बसलेली असते. तरी हजेरी घेताना मी त्यांची नावं गाळत नाही. नाव घ्यायचं, जरासं थांबायचं, आणि पुढचं नाव. उत्तर येणार नसतं हे समोरच्या मुलांनाही माहीत असतं. त्या दिवशी मी प्रत्येक रिकाम्या नावापाशी नेहमीपेक्षा थोडा अधिक थांबलो. मुलं एकमेकांकडे पाहू लागली. खिडकीबाहेर गाडी उन्हात उभी होती. मी हजेरी मिटली आणि शिकवायला सुरुवात केली.